मागे सीट नसलेली गाडी

देवेन्तर, २८ एप्रिल १९८८

मेव्राउ बूर्स्मा यांस,

परवा तुम्ही गाडी घेऊन निघालात आणि मी हात न हलवताच दार लावून घेतलं. तुम्हाला उद्धटपणा वाटला असेल. माफ करा. एकवीस वर्षं ती गाडी कोपऱ्यावर वळली ती मी आत असतानाच. मी बाहेर उभा आणि ती वळतेय, हे मला झेपलं नसतं.

आता कामाचं. ती इटालियन आहे, सकाळी उठल्या उठल्या तिला घाई केलेली आवडत नाही. चोक ओढा, चालू करा आणि एक अख्खं भजन मनात म्हणून होईपर्यंत थांबा. दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यात जाताना मध्ये क्षणभर श्वास घ्या. पाऊस आला की टप उजव्या बाजूला गळतो, तिथे बटाटे ठेवा, माणूस बसवू नका.

तुमच्याआधी सहाजण गाडी बघून गेले. सहाही जणांनी विचारलं, किती पळते? तुम्ही बॉनेटवर हात ठेवून विचारलंत, हिला काय आवडत नाही? म्हणून ती तुम्हाला दिली. अट तेवढी लक्षात ठेवा, प्रत्येक मोठ्या मुक्कामावरून पत्र. माझी पत्रं ठरल्याप्रमाणे तूर, बायोन, सालामांका आणि शेवटी वाल द आरेया इथल्या पोस्टात तुमच्या नावाने पडून राहतील, खिडकीवर मागून घ्या.

गाडी का विकताय, असं तुम्ही विचारलं होतंत. कंटाळा आला, दुसरं काही नाही. चाळीस वर्षं चर्चमधले ऑर्गन सुरात लावत हिंडलो, आता घरी बसावंसं वाटतं. पण पोर्तुगालच्या त्या कोपऱ्यात तुमचं काय काम आहे, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. आता विचारतो.

लोडेवाइक तेरप्स्त्रा


तूर, ७ मे १९८८

मेनेर तेरप्स्त्रा,

तुमचं पत्र मिळालं. चार पानं भरून आलं आणि मजकूर अर्ध्या पानाचा! एवढी अंड्याएवढी अक्षरं काढायला मी काय पहिलीतली पोर आहे? बस चालवणाऱ्या बाईलाही वाचता येतं हो.

पण गाडी! मेनेर, चोवीस वर्षं मी झ्वोलमध्ये चार नंबरची बस चालवली. स्टेशन ते दवाखाना, दवाखाना ते स्टेशन. दर चारशे मीटरवर थांबायचं. पाठीमागे सदैव पन्नास माणसं, त्यांतला एक हमखास ओरडणार, "बाई, जरा हळू!" आणि दुसरा, "बाई, आज पोहोचायचंय!" निवृत्त झाले त्या दिवशी ठरवलं, आता गाडी घेईन ती मागे सीट नसलेली. माझा जावई म्हणाला, "आई, चौपन्नाव्या वर्षी स्पोर्ट्स कार?" मी म्हटलं, "चौसष्टाव्या वर्षी घेतली तर आत वाकून बसता येणार नाही."

लिएजपर्यंत पाऊस होता. गाडी देतानाच तुम्ही बजावलं होतंत तसे बटाटे उजवीकडे ठेवले, ते धुऊन निघाले. फ्रान्समध्ये शिरल्यावर ऊन पडलं आणि मी टप उतरवला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच झाडं, आणि मध्ये मी, जमिनीपासून वीतभर उंचीवर! बसमधून मला आयुष्यभर लोकांची टाळकी दिसली, आता त्यांचे गुडघे दिसतात. इथे ट्रकवाले हॉर्न वाजवून सलाम करतात. पहिल्यांदा मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं.

सकाळी भजन म्हणते. मनात नाही, मोठ्याने. लॉजवालीला वाटतं मी फार देवभोळी आहे.

गाडीला काहीही झालेलं नाही. पोर्तुगालला समुद्र बघायला चालले आहे.

हेनी बूर्स्मा


देवेन्तर, १२ मे १९८८

मेव्राउ बूर्स्मा,

मी न विचारता "गाडीला काहीही झालेलं नाही" असं तुम्ही लिहिलंत. चाळीस वर्षं चर्चमधली माणसं मला सांगत आली, "ऑर्गनला कुणी हात लावलेला नाही." त्यावरूनच कळायचं की कुणीतरी लावलाय.

आणि समुद्र आपल्या देशातही आहे. झ्वोलहून दीड तासावर.

एक करा. बायोनला पोहोचल्यावर इंजिन चालूच ठेवा, बाजूला उभ्या राहा, डोळे मिटा आणि काय ऐकू येतं ते मला लिहा. शब्दाला शब्द.

पुढे स्पेनमध्ये चढ आहेत. रेडिएटर गळू लागला तर घाबरू नका. इंजिन निवू द्या, मग अंड्याचा पांढरा बलक आत सोडा. तो गरम पाण्यात शिजतो आणि भोक बुजतं. हसू नका, १९७१ मध्ये मी असाच आल्प्स ओलांडला आहे.

लो. तेरप्स्त्रा


बायोन, १७ मे १९८८

मेनेर तेरप्स्त्रा,

हरले. सांगते.

तूरला गाडी मागे घेताना दगडी खांबाला लागली. अकरा मीटरची बस मी चोवीस वर्षं एक ओरखडा न येऊ देता मागे घेतली, आणि ही चिमणीएवढी गाडी नेऊन आदळली! मागच्या डाव्या मडगार्डला तळहाताएवढा पोचा आलाय. तुम्हाला लिहायला हात धजेना. गाडी आता माझी आहे, कागदावर माझं नाव आहे, तरी असं वाटलं की दुसऱ्याचं लेकरू पाडलं.

एकदा कबुली द्यायला बसलेच आहे तर समुद्राचंही सांगते.

सप्टेंबर १९७९ मध्ये मी आणि माझे यजमान, रिन्से, आम्ही सहलीच्या बसने पोर्तुगालला गेलो होतो. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. वाल द आरेयाला बस जेवायला थांबली. रिन्सेला बरं वाटेना म्हणून तो एका घरापुढच्या बाकावर बसला. मी टेलिफोन शोधायला धावले. गावात फोन एकाच दुकानात, आणि तिथे माझी भाषा कुणाला कळेना. परत यायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात तो गेला होता.

सहलीची बस पुढे निघून गेली. मी त्या ड्रायव्हरला दोष देत नाही, त्याच्या मागे पन्नास माणसं होती. ज्या घरापुढे बाक होता, त्या घरातल्या बाईने मला आत नेलं. सगळे कागद होईपर्यंत तीन दिवस मी तिच्याकडे होते. तिने मला चमच्याने माशाचं सूप भरवलं. केस विंचरले. रात्री माझ्या शेजारी झोपली. सारखी काहीतरी सांगत होती, मला एक अक्षर कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी गाडी आली आणि मी तिच्यात बसून निघाले. आभार मानले नाहीत, मागे वळूनही पाहिलं नाही. मला तिचं नावसुद्धा माहीत नाही, मेनेर. गावाचं नाव कळलं ते मृत्यूच्या दाखल्यावरून.

आता मी एक शब्द शिकले आहे. आभार मानताना बाईने म्हणायचा तो 'ओब्रिगादा'. तेवढा एक शब्द पोहोचवायला चालले आहे. उशीर झालाय हे मला कळतं.

इंजिन ऐकलं. डोळे मिटून. आधी घशात बेडकी असल्यासारखं, मग खाली मांजर गुरगुरतं तसं, आणि मधूनच बारीक टिक् टिक्, कुणी बशीवर चमचा वाजवावा तसं. हे ठीक आहे ना?

हेनी बूर्स्मा


देवेन्तर, २१ मे

मेव्र बूर्स्मा

टिकटिक ठीक आहे. झडपा आहेत.
पोचा राहूदेत.
आभराला उशिर होत नाही.

तेरप्स्त्रा


सालामांका, २६ मे १९८८

मेनेर तेरप्स्त्रा,

तुम्ही रागावलात. टाइप केलेल्या तीन ओळी, त्याही चुकांनी भरलेल्या, रागाने बटणं बडवल्यासारख्या. मला समजतं. गाडी देताना विश्वास टाकलात आणि मी पहिल्याच मोठ्या मुक्कामावर तिला खांबावर घातली, वर खोटं बोलले. झ्वोलला परतले की पोचा काढून घेईन, मग तुम्ही स्वतः येऊन हात फिरवून बघा.

रागावलात तरी हे तुम्हाला सांगायलाच हवं, कारण तुमच्याशिवाय दुसरं कोण हसणार? रेडिएटर गळला! बुर्गोसच्या पुढे, नजर पोहोचेल तिथवर गव्हाची शेतं, एक झाड नाही, आणि बॉनेटमधून वाफ. अर्धा तास चालत एका शेतघरापाशी गेले. तिथल्या म्हातारीला अंडी कशी मागायची? मी कोंबडीसारखी ओरडले. तिने चार अंडी एप्रनमध्ये घेतली आणि माझ्याबरोबर गाडीपर्यंत आली. तिला वाटलं मला भूक लागली आहे. मी अंडं फोडून पांढरा बलक रेडिएटरमध्ये सोडला तेव्हा तिने छातीवर क्रूस काढला. मग इंजिन चालू झालं, गळती थांबली, आणि ती बाई रस्त्यावर बसून पोट धरून हसली. उरलेली अंडी मला दिली, वर पाव आणि कांदा. मी काही देऊ लागले तर हातावर चापट मारली.

वाटेत मी विचार करत होते, मला अशी किती माणसं भेटली, ज्यांना माझ्याकडून काहीही नको होतं. चार नंबरच्या बसमध्ये बसून हे कधी कळलं नसतं.

उद्या सीमा ओलांडेन. परवा वाल द आरेया. ती बाई हयात नसली तर? दार उघडून "कोण तुम्ही?" म्हणाली तर? झ्वोलच्या बर्फात बस चालवताना कधी घाबरले नाही, आज तीनदा नकाशाची घडी घालून पुन्हा उघडला.

रागावलेले असलात तरी वाल द आरेयाला दोन ओळी लिहा.

हेनी


देवेन्तर, ३१ मे १९८८

मेव्राउ बूर्स्मा,

हे अक्षर माझं नाही. शेजारच्या योहाना फिसर लिहीत आहेत, मी बोलतोय. त्यांना बजावलं आहे की मी म्हणेन तेच लिहायचं, आपलं घालायचं नाही. (मी काही घालत नाही. यो. फि.)

तुमच्यावर मी एक क्षणही रागावलो नव्हतो. त्या तीन ओळी टाइप करायला मला पाऊण तास लागला. मला बटणं दिसत नाहीत. आधीच्या पत्रांतली अंड्याएवढी अक्षरंही त्याचसाठी, तुम्हाला वाचता यावीत म्हणून नव्हे, मला लिहिता यावीत म्हणून.

डोळे दोन वर्षांपासून जाताहेत. मधला भाग गेला, कडा राहिल्या आहेत. फेब्रुवारीत एका चौकात शाळेतली एक मुलगी रस्ता ओलांडत होती आणि मला ती दिसलीच नाही. तिने बॉनेटवर थाप मारली तेव्हा मी ब्रेक दाबला. दोन बोटांचं अंतर. ती शिव्या देत निघून गेली, मी तिथेच बसून राहिलो. त्या दिवसानंतर किल्लीला हात लावला नाही. कंटाळा आला म्हणालो ते खोटं होतं. तुम्ही खोटं बोललात ते पोच्याएवढं, माझं जरा मोठं आहे. आता फिटंफाट समजा.

तुमची पत्रं योहानाबाई मोठ्याने वाचतात. कोंबडीचा आवाजही काढून दाखवला. (मला काढायला लावला. यो. फि.) लोक मला सांगतात, आता बसा, आराम करा, फार फिरलात. त्यांचं मन चांगलं आहे. पण मेव्राउ, गेल्या महिन्यात मी देवेन्तरमध्ये आरामात बसलोच नाही. तुमच्या शेजारच्या सीटवर बटाट्यांबरोबर होतो. ते ट्रकवाल्यांचे सलाम, ती गव्हाची शेतं. हे सगळं मी दिसत असतानाही केलं नव्हतं. दरवर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी लांब जाऊ. आल्प्स तेवढा एकदा ओलांडला, त्याहून लांब कधी गेलोच नाही.

यासाठी तुमचे आभार. तुमच्यासारखी नऊ वर्षं वाट पाहण्याइतका वेळ माझ्याकडे नाही, म्हणून आत्ताच मानून टाकतो.

ती बाई भेटली का?

लोडेवाइक तेरप्स्त्रा


वाल द आरेया, ६ जून १९८८

प्रिय लोडेवाइक,

मेनेर म्हणणं बंद करते. ज्याने मला अंड्यांनी रेडिएटर बुजवायला शिकवलं त्याला किती दिवस मेनेर म्हणायचं?

तुमचं पत्र मी समुद्राकाठी बसून दोनदा वाचलं. डोळ्यांबद्दल परत आल्यावर समोरासमोर बोलू, आधी इथलं लिहिते. लक्ष देऊन ऐका. योहानाबाई, जरा सावकाश वाचा.

मी गावात शिरले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. ते घर, तो बाक, सगळं तिथेच. बाकावर काळ्या कपड्यांतली एक बाई शेंगा सोलत होती. मी गाडी उभी केली आणि इंजिन बंद करायच्या आधीच ती उठली, मांडीवरच्या शेंगा रस्त्यावर सांडल्या, आणि ती ओरडायला लागली. आनंदाने की रागाने, कळेना. माझ्याकडे बोट, स्टिअरिंगकडे बोट, मग गल्लीत बघून हाका. पाच मिनिटांत सारं गाव जमलं. ती एकेकाच्या दंडाला धरून माझ्यासमोर आणत होती आणि 'पाहिलंस? पाहिलंस?' असं काहीतरी म्हणत होती.

तिचं नाव देओलिंडा.

मग तिच्या भावजयीचा भाऊ हेर्मिनियो आला. तो चौदा वर्षं रॉटरडॅमच्या गोदीत होता, त्या साली तिकडेच होता, आता परत आलाय. त्याला आपली भाषा येते, पण गोदीतली! हळव्यातली हळवी गोष्ट सांगतानाही मध्ये एक शिवी येतेच. त्याने जे सांगितलं ते मी शिव्या गाळून लिहिते.

रिन्से एकटा गेला नाही.

मी फोन शोधायला पळाले, तेव्हा देओलिंडा पाणी घेऊन बाहेर आली आणि त्याच्या शेजारी बसली. त्याने पाणी घेतलं. समोर आमची सहलीची बस तिरकी उभी होती, एक चाक फुटपाथवर. रिन्सेने बसकडे बोट दाखवलं, जीभ चुकचुकवली आणि मान हलवली. मग दोन्ही हातांनी मोठं स्टिअरिंग फिरवून दाखवलं, मी गेले होते त्या दिशेला बोट केलं आणि छातीवर थाप मारली. माझी बायको! माझी बायको चालवते! देओलिंडाला आधी समजेना, म्हणून त्याने पुन्हा करून दाखवलं. ती हसली, तोही हसला. मग त्याने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

लोडेवाइक, नऊ वर्षं मी ती वीस मिनिटं उरावर घेऊन जगले. वाटायचं, त्याने मला हाक मारली असेल आणि मी नव्हते. आणि तो तिकडे माझी फुशारकी मारत बसला होता.

तीन दिवस ती मला हेच सांगत होती. केस विंचरताना, सूप भरवताना. हाताने स्टिअरिंग फिरवून दाखवत होती म्हणे. मी डोळे उघडून बघितलंच नाही.

नंतर तिने गावाला सांगितलं की त्या परदेशी बाई बस चालवतात, खरी, मोठी. कुणी विश्वास ठेवला नाही. तिच्या पाठीमागे हसायचे. म्हणून मला स्टिअरिंगवर बघताच ती ओरडली.

मी तिला म्हटलं, ओब्रिगादा. मान खाली घालून, पाठ केलेल्या धड्यासारखं. तिने माझी हनुवटी वर केली आणि तोच शब्द मला परत दिला. मी हेर्मिनियोला विचारलं, ही का आभार मानते? तो पहिल्यांदाच शिवी न देता बोलला. देओलिंडाचा नवरा १९७३ मध्ये होडीसकट गेला. समुद्राने काहीच परत दिलं नाही. तिला ना अंघोळ घालता आली, ना डोळे मिटता आले. रिन्सेला अंघोळ घालताना तिने आपल्या माणसालाही घातली. मी काही न बोलता तिला तसं करू दिलं, म्हणून आभार. त्यानंतर तिला झोप लागू लागली.

मग ती मला रागावली, नऊ वर्षांनी आलीस ती अशी वाळून? आणि बारा सार्डिन मासे भाजले.

मी नऊ दिवसांपासून इथे आहे. तिला रोज गाडीतून फिरवते. ती रुमाल बांधून बसते आणि प्रत्येक दारापाशी मला हळू करायला लावते.

तुमची,
हेनी


बुर्गोसच्या अलीकडचं एक गाव, १७ जून १९८८

प्रिय लोडेवाइक,

परतीला लागले. हे पत्र घाईचं आहे, पोस्ट बंद व्हायला अर्धा तास आहे.

ऊन टाळायला इथल्या चर्चमध्ये शिरले. वर ऑर्गन, आणि त्याच्या नळ्या उभ्या नाहीत, आडव्या! तोफांसारख्या सरळ लोकांवर रोखलेल्या. तुम्हाला माहीत असेलच. मला नव्हतं. एक ठेंगणी नन वाजवायला बसली आणि पहिल्या सुरालाच माझ्या बरगड्या हलल्या. मग मध्येच एक सूर असा आला की मी दात आवळले. मला संगीतातलं काही कळत नाही, पण ते मलाही कळलं. तिने खाली बघून खांदे उडवले.

नंतर खुणांनी आणि थोड्या फ्रेंचने बोललो. त्या आडव्या नळ्यांतल्या तीन-चार बिघडल्या आहेत. जवळपास ते काम जाणणारा माणूस नाही, दोन वर्षं अशाच चालल्या आहेत. मी म्हटलं, माझ्या ओळखीचा एक आहे, त्याने चाळीस वर्षं हेच केलं. तिने विचारलं, त्यांना शिडी चढता येते का? मी म्हटलं, शिडी मी चढेन, त्यांना फक्त ऐकायचं आहे.

हे मी तुम्हाला न विचारता बोलले. रागवा हवं तर. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात इथला सण आहे, त्याआधी झालं पाहिजे असं तिचं म्हणणं. मी वर हातोडी घेऊन, तुम्ही खाली बसून ओरडायचं. आयुष्यभर लोकांनी पाठीमागून ओरडून मला सूचना दिल्या, मला सवय आहे.

तिथून पुढे देओलिंडाच्या गावालाही जाऊ. तुम्हाला एकदा घेऊन येईन, असं निघतानाच तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, ज्याने गाडी दिली त्याला जाड करून परत पाठवीन.

उत्तर तूरच्या पोस्टात टाका. हो किंवा नाही, एवढंच चालेल.

हेनी


देवेन्तर, २२ जून १९८८

प्रिय हेनी,

त्या नळ्यांबद्दल मी चाळीस वर्षं वाचत आलो. एकही ऐकलेली नाही. योहानाबाईंना पेनाचं टोपण काढायला जितका वेळ लागला, तितकाही मला हो म्हणायला लागला नाही.

हातोडी तिथली घेऊ नका, माझी आहे, पितळेची. वर चढल्यावर मी सांगेपर्यंत काही ठोकायचं नाही. सण, नन आणि सार्डिन, सगळं मान्य.

योहानाबाई म्हणतात, सप्टेंबरला अजून अडीच महिने आहेत, हे त्यांना कुणीतरी सांगा. (आहेतच. यो. फि.) मला माहीत आहे. बॅग भरून दाराशी ठेवली आहे.

लोडेवाइक